वालुग्यांच्या डोहात

वैशाख लागला की चंद्रपुरातली माणसं उन्हाबद्दल बोलू लागतात. मी पाण्याबद्दल विचार करते. बाहेर डांबर मऊ झालेलं असतं, कूलरच्या वाळ्यावरून पाणी ठिबकत असतं, दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नसतं, आणि मी खिडकीशी बसून एका नदीचा तळ बघत असते. पावसाळ्यातल्या गढूळ, फुगलेल्या नदीची भीती सगळ्यांनाच वाटते. मला वाटते ती उन्हाळ्यातल्या नदीची. नितळ, संथ, कुठे कुठे घोट्याएवढी. जिच्याकडे बघून कोणीही म्हणेल, हिच्यात काय आहे भिण्यासारखं?

तेव्हा चंद्रपूरला चांदा म्हणत आणि गडचिरोली, सिरोंचा सगळं चांदा जिल्ह्यातच होतं. पन्नासचं दशक अर्ध्यावर आलेलं. लग्न होऊन मी सिरोंच्याला गेले. हे, म्हणजे माझे यजमान, तिथल्या शाळेत मास्तर होते. मोटार दिवसभर सागाच्या जंगलातून धूळ उडवत जायची आणि संध्याकाळी एकदम झाडं संपून समोर प्राणहिता यायची. पलीकडचा काठ तेलुगू मुलखाचा, पण अलीकडच्या काठावरही निम्मं गाव तेलुगूच बोलायचं. मी तिथे शिकलेला पहिला शब्द 'नीळ्ळु'. म्हणजे पाणी. सकाळ-संध्याकाळ घाटावरून गुंड, म्हणजे पाण्याची घागर, भरून आणायची, त्यामुळे तो शब्द दिवसातून कितीतरी वेळा कानावर पडे. नदी माझ्या ओळखीची झाली होती. निदान मला तसं वाटत होतं.

दादा आला तो उन्हाळ्याच्या सुटीत. दादा माझा सख्खा मोठा भाऊ. चांद्याचा मुलगा, इरई नदीत पोहायला शिकलेला, मॅट्रिक नापास होऊन घरातून मुंबईला पळाला आणि मालवाहू बोटीवर नोकरीला लागला. आमच्या भागातल्या कोणी समुद्र पाहिलेला नव्हता. दादा समुद्रावर राहत होता. वर्षा-दोन वर्षांनी यायचा, काळा होऊन, मोठ्या आवाजात बोलत. त्या खेपेला त्याच्या ट्रंकेत दोन विचित्र वस्तू होत्या. जाड काचेचे, रबरी काठाचे, नाकासकट डोळे झाकणारे दोन चष्मे आणि दोन वाकड्या नळ्या.

"हे तोंडात धराची," दादा नळी दाखवत म्हणाला. "तोंड पाण्यात, नळीचं टोक वर. श्वास घेत राहाचा अन् पाहात राहाचं."

"काय पाहाचं?" यांनी विचारलं.

"खालचं जग, मास्तर."

मग त्याने आम्हाला एका बेटाची गोष्ट सांगितली. बोट दुरुस्तीला थांबली होती, तेव्हा तिथला एक माणूस चार-पाच खलाशांना छोट्या होडीतून समुद्रात घेऊन गेला. हे चष्मे लावून सगळे पाण्यावर पालथे तरंगत राहिले. आणि खालून माणसाएवढे मासे बाणासारखे गेले, लहान माशांच्या थव्यात घुसले, थवा फुटला, पुन्हा मिटला, पुन्हा फुटला. "मी तीन समुद्र पाह्यले," दादा म्हणाला, "पण त्या दिवशी पाह्यलं तसं कधी नाई पाह्यलं. पाण्यावरून काहीच दिसत नाई वं. काहीच नाई."

यांनी शांतपणे सुपारी कातरत विचारलं, "आमच्या नदीत काय दिसन?"

त्याचं उत्तर दारात उभं होतं. राजक्का मासळी घेऊन आली होती. राजक्का आणि तिचा नवरा मल्लय्या नदीकाठच्या कोळीवाड्यात राहत. त्यांचा डोंगा होता, जाळी होती. ती तेलुगूत विचार करायची आणि मराठीत बोलायची, त्यामुळे तिचं वाक्य मध्येच वळण घ्यायचं. तिने टोपलीतून एक मासा उचलून दाखवला. लांब, चपटा, खवलं नसलेला, रुपेरी करडा. रुंद तोंडाला लांब मिश्या. कोणी त्याला शिवडा म्हणतं. तिकडे सगळे वालुगा म्हणत.

"हे लहान पोरगं आहे," ती म्हणाली. "याचा बाप पाहाचा तर वर जावा लागते. पेद्दा मडुगु. मोठा डोह."

दादाने माझ्याकडे पाहिलं. लहानपणी इरईत उडी मारण्याआधी तो असाच बघायचा.

मी जायचं की नाही यावर घरात थोडी कुरबुर झाली. तरुण सून, पुरुषांबरोबर नदीवर मुक्कामाला, आणि तेही पाण्यात उतरायला. शेजारणींनी तोंडावर पदर घेतला. पण हे म्हणाले, "तिचा भाऊ आहे, मी आहे, राजक्काबाई आहे. जाऊ दे." यांना स्वतःला पोहता येत नव्हतं. वर्ध्याकडच्या कोरड्या गावचे हे. विहिरीतसुद्धा कधी उतरले नव्हते. तरी पुस्तक, कंदील, चहाचा डबा घेऊन निघाले.

मल्लय्या उभ्याने बांबू टेकत डोंगा वर वर नेत होता. दोन्ही काठांना पांढरी वाळू, वाळूवर टरबुजाचे वेल. जिथे जंगल नदीपर्यंत उतरलं होतं तिथे तेंदूपत्ता तोडून परतणाऱ्या बाया डोक्यावर पानांचे गठ्ठे घेऊन ओळीने जाताना दिसायच्या. त्या थांबून आमच्याकडे बघत. मल्लय्या त्यांना गोंडीत काहीतरी सांगायचा आणि त्या खदखदून हसायच्या.

"काय सांगतलं हो भाऊ?" मी विचारलं.

"सांगतलो, हे लोक मासे धराले नाई, पाहाले जाते." तो स्वतःही हसत होता. "त्या म्हणते, पोट भरते काय पाहून?"

डोह आला तो उतरत्या उन्हात. एका बाजूला काळ्या खडकाची भिंत सरळ पाण्यात गेलेली, दुसऱ्या बाजूला वाळू हळूहळू खोल होत गेलेली. पाणी हिरवट काचेसारखं. वारा नव्हता. खडकावर एक खंड्या बसला होता, बस्स. मगर असते का, हे मी दोनदा विचारून घेतलं. मल्लय्याने नाही म्हटलं. ती खालच्या अंगाला, गोदावरीकडे.

दादाने चष्म्याच्या काचेवर थुंकून बोटाने चोळलं. "असं केलं का वाफ नाई धरत." मला शिसारी आली, पण मीही तेच केलं. नऊवारीचा काचा घट्ट मारला. छातीइतक्या पाण्यात गेले, नळी दातांत धरली आणि तोंड बुडवलं.

आधी फक्त माझा श्वास ऐकू आला. नळीतून येणारा, मोठा, दुसऱ्याच कोणाचा वाटणारा. मग वाळू दिसली, माझे पाय दिसले, पायांच्या भोवती फिरणारे नखाएवढे मासे दिसले. मग नजर लांब गेली आणि मला कळलं की पुढे जे चकाकतंय ते उन्हाचे कवडसे नाहीत. ते मासे आहेत. बोटाएवढे चंदेरी मासे, मोजता न येण्याइतके, सगळे एकाच दिशेला तोंड करून स्थिर. मी नदीवर दोन वर्षं पाणी भरत होते. हे कधीच दिसलं नव्हतं. आनंदाने मला हसू आलं आणि नळीतून पाणी घशात गेलं.

खोकून पुन्हा तोंड घातलं, तेव्हा थवा हलत होता. एकाच वेळी सगळे. खडकाच्या सावलीतून काहीतरी सुटलं. मासा आला असं म्हणता येत नाही, कारण येताना तो दिसलाच नाही. एका क्षणी सावली होती, दुसऱ्या क्षणी थव्याच्या मधोमध भगदाड होतं आणि त्यात तो वळत होता. माझ्या कमरेपर्यंत येईल एवढा लांब. तोंड उघडं, मिश्या मागे पडलेल्या, पोटाखालची लांब झालर थरथरत. मग दुसरा. मग खालून तिसरा. ते तिघं-चौघं थव्याला ढकलत उथळ पाण्याकडे आणत होते, म्हणजे माझ्याकडे. लहान मासे माझ्या अंगावर आदळू लागले. मांड्यांवर, हातांवर, काचेवर. त्यांचे तुकडे तरंगत गेले. एक अर्धा मासा, अजून तोंड हलवणारा, माझ्या डोळ्यांसमोरून खाली वाळूवर गेला. एक वालुगा माझ्या कुशीला घासून गेला; गुळगुळीत, थंड, जड. मी किंचाळले. नळीतून त्याचा नुसता हंबरडा निघाला असावा, कारण वर काठावरून यांचं हसणं मला पाण्यातही ऐकू आलं.

मी तोंड वर काढलं.

वर काहीच नव्हतं. पाणी तसंच काचेसारखं. थोडेसे तरंग. खंड्या खडकावर. हे वाळूवर बसून विचारत होते, "काऊन, गाईवानी काऊन ओरडून राह्यली?"

मी एकदा पाण्याकडे बघायची, एकदा यांच्याकडे. त्या चार बोटांच्या अंतराचा धक्का मला आजही पचलेला नाही. खाली एवढी कत्तल आणि वर एवढी संध्याकाळ.

दादा मात्र वेडा झाला होता. "पाह्यलं? पाह्यलं काय तू? समुद्रात होतं तेच! तेच हाये इथी!" त्याने मल्लय्याला ओढून आणलं आणि माझा चष्मा त्याच्या डोळ्यांवर चढवला. मल्लय्याचं अर्धं आयुष्य याच माशांना धरण्यात गेलेलं. तो बराच वेळ पालथा राहिला. वर आला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर मी कधी पाहिली नव्हती अशी लाज होती, म्हणजे चुकून कोणाच्या घरात डोकावल्यासारखी. "जाळीत येते तवा मेल्यावानी असते," एवढंच तो म्हणाला. राजक्काने चष्मा लावला आणि परत द्यायचं नावच घेईना. मध्ये मध्ये तोंड वर काढून "अय्यो, अय्यो देवुडा" म्हणायची आणि पुन्हा बुडवायची.

रात्री वाळूवर झोपताना नदीचा आवाज येत होता. मी नदीकडे पाठ करून झोपले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादाला खडकाखालची कपार बघायची होती. सगळ्यात मोठा वालुगा तिथे असणार, असं त्याच्या मनाने घेतलं होतं. त्याने नळी काठावर ठेवली. खाली बुडी मारायची तर नळीचा उपयोग नाही. मी वरून तरंगत बघायचं असं ठरलं. मल्लय्या लाकडं आणायला जंगलात गेला होता. राजक्का काठावर बसून विळ्याने चिंच फोडत होती. यांनी तीन दगडांवर चहाचं पातेलं चढवलं होतं.

दादाचा पांढरा बनियन खाली खाली जाताना मला स्पष्ट दिसत होता. दोन पुरुष खोल असेल तिथे पाणी. तो कपारीशी पोचला, हाताने खडक धरून आत डोकावला. आतून ते बाहेर पडलं.

मी पाहिलेला सगळ्यात मोठा मासा तो. दादाच्या डोक्यावरून गेला, आणि मग जे झालं ते मला समजायला वेळ लागला, कारण तो मासा पुढे गेला नाही. तो मध्येच हिसका बसून उलटला. त्याच्या तोंडातून दोरी निघत होती. पाण्यात दोरी होती! एका लांब दोरीला ठिकठिकाणी गळ बांधलेले असतात आणि ती दोरी तळाशी दगडाला अडकवून ठेवतात, तसली. मासा त्यातल्या एका गळाला लागलेला होता, कपारीत दमून पडला होता, आणि दादाला बघून पुन्हा उधळला होता. तो गोल फिरला. दोरी दादाच्या पायांभोवती फिरली. दादा वर यायला झेपावला आणि तिथेच थांबला. बनियन वर येईना. मी त्याचे हात बघत होते; ते पाण्याला ढकलत होते, वर, वर, आणि तो जागचा हलत नव्हता. मासा ओढत होता. गाळ उठला आणि त्याच्या पिंढरीतून निघालेली तांबडी रेघ त्या गाळात मिसळली.

हे सगळं फक्त मला दिसत होतं.

मी वर आले, नळी थुंकली. "दादा अडकला! दोरी! राजक्का, विळा!"

राजक्काने काय, कसं असं काही विचारलं नाही. चिंच टाकून, हातात विळा तसाच धरून ती पाण्यात शिरली. पण तिच्या डोळ्यांवर काच नव्हती आणि खाली गाळ होता. मी तिचं मनगट धरलं. "मी नेतो तुले," असं काहीतरी मी म्हटलं असेन; मला आठवत नाही. बुडी मारून तळ गाठणं मी लहानपणानंतर केलं नव्हतं. लुगडं पाण्याने जड झालेलं. कान दुखत होते. मी तिला ओढत खाली नेलं, गाळात पांढरं काहीतरी दिसलं, मी हात घातला तर तो दादाचा खांदा. तो आता हलत नव्हता. खांद्यावरून पाठ, पाठीवरून पाय, पायापासून तळच्या दगडाकडे ताणून बसलेली दोरी. मी राजक्काचा हात त्या दोरीवर ठेवला. तिचा हात करवतीसारखा चालू लागला. माझ्या छातीत काहीतरी फुटतंय असं वाटत होतं आणि मी मनात एकच गोष्ट म्हणत होते, अजून थोडं, अजून थोडं. दोरी तुटली. ते मला दिसलं नाही, हाताला कळलं. आम्ही दोघींनी त्याला काखेत धरून पाय मारले.

वर आलो तेव्हा समोर हे होते. पोहता न येणारा माणूस हनुवटीइतक्या पाण्यात, टाचा उचलून, दोन्ही हात पुढे करून उभा. त्यांचा रोजचा चष्मा वाहून गेलेला. पाणी तोंडात जात होतं, खोकत होते, पण मागे सरकत नव्हते. त्यांनी दादाला आमच्या हातांतून घेतलं आणि पाठीमागे पडत पडत वाळूपर्यंत ओढलं. आरडाओरडा ऐकून मल्लय्या धावत आला होता. त्याने दादाला पालथं घातलं, पाठ दाबली, पुन्हा दाबली. तोंडातून पाणी आलं. पुन्हा पाणी आलं. मग एक आवाज आला, फाटक्या कापडासारखा. दादाने श्वास घेतला होता.

आणि तेव्हा आम्ही पाहिलं की दादा एकटा बाहेर आलेला नाही. त्याच्या पिंढरीत रुतलेल्या गळाची दोरी वाळूवरून मागे गेली होती आणि तिच्या दुसऱ्या टोकाला तो होता. वाळूत, अंगाला वाळू माखलेला, लांबच्या लांब. त्याचं तोंड उघडत होतं, मिटत होतं. दादाचंही. दोघंही वाळूवर पडून एकाच तऱ्हेने हवा मागत होते. आमच्यापैकी कोणीच हललं नाही. किती वेळ ते सांगता येणार नाही. मला त्या क्षणी, भाऊ वाचल्याच्या क्षणी, आनंद झाला नव्हता. मी फक्त त्या दोन तोंडांकडे बघत होते.

मल्लय्याने दोरी उचलली. बोटांनी चाचपली. मग तो मटकन खाली बसला.

"माही दोरी," तो म्हणाला. "रात्री लावलो. पाहुण्याले मोठा मासा खिलवतो म्हणून लावलो. तुम्ही वाळूकडून पाहाल म्हणलो... इकडे जाल नाई म्हणलो..." आणि तो कपाळावर हात मारू लागला. राजक्काने त्याचे हात धरून ठेवले.

परतीचा प्रवास मला तुकड्यातुकड्यांनी आठवतो. डोंग्याच्या तळाशी झोपलेला दादा, यांच्या मांडीवर त्याचं डोकं. मी ओल्या पदराने धरलेली सावली. मल्लय्या न थांबता बांबू मारत होता. दवाखान्यात कंपाउंडरने गळ मागे न ओढता पुढे ढकलून मांसातून बाहेर काढला, त्याचा काटा पक्कडीने तोडला, मग उरलेला मागे घेतला. दादा ओरडला नाही. तो कशालाच ओरडला नाही. ताप भरला, पाय सुजला, मग उतरला. दादा ओसरीवर पडून राहायचा. मोठ्या आवाजाचा माझा दादा दिवसचे दिवस गप्प. मी पाण्याचा तांब्या दिला की तो आधी तांब्यात बघायचा. तळ दिसेपर्यंत बघायचा, मग प्यायचा.

माझंही बरं नव्हतं. गुंड बुडवायला घाटावर वाकले की हात मागे यायचा. हे तर वेगळेच झाले होते. जेवताना मध्येच थांबत. एकदा म्हणाले, "मी चहा उकळून राह्यलो होतो." थोड्या वेळाने पुन्हा, "तो खाली मरून राह्यला होता, अन् मी पाहात होतो दूध फाटते का काय." त्यांच्या आवाजात दुःख नव्हतं. हिशोब न लागलेल्या माणसासारखं नुसतं आश्चर्य होतं. धक्का असाच असतो बहुतेक. रडू येऊन मोकळं होता येत नाही; माणूस आपल्याच आयुष्याकडे ओळख पटत नसल्यासारखं बघत राहतो.

दादा बोलला तो एका सकाळी, मी त्याच्या पायाला हळद लावत असताना.

"इंदू, तुले काय वाटते, त्यानं मले ओढलं?"

"ओढलंच ना. मी पाह्यलं."

"नाई वं." तो छताकडे बघत होता. "मी त्याच्या तोंडाजवळ होतो. त्याचा डोळा मले दिसला. तो मले ओढून नव्हता राह्यला. तो पळून राह्यला होता. माह्यापासून पळत होता, अन् जेवढा पळे तेवढा मी त्याच्या मागं. आदल्या दिवशी मी म्हणलो होतो, काय रुबाब हाये याचा. अन् तो इतका भेला होता, इंदू. माह्यापेक्षा जास्त भेला होता."

तो रडला. मीही रडले. त्या दिवशी त्याने पोटभर जेवण केलं.

मल्लय्या आमच्याकडे फिरकला नव्हता. राजक्का यायची, दाराशी बसायची, दादाची चौकशी करून जायची. नवरा कुठे आहे विचारलं की मान खाली घालायची. शेवटी दादा काठी टेकत निघाला, मी सोबत. कोळीवाड्यात मल्लय्या झोपडीसमोर जाळं दुरुस्त करत होता. आम्हाला बघून उठला आणि आत जाऊ लागला.

"मल्लय्याभाऊ," दादा म्हणाला, "मी लंगडा हावो. मागं धावता नाई येत मले."

मल्लय्या थांबला. पाठमोराच बोलला. "मी मारलो असतो तुमाले."

"दोरी पाहुण्यासाठी लावली होती ना?"

"हो."

"मंग पाहुणा जेवाले आला. काय हाये घरात?"

मल्लय्या वळला. त्याला हसावं की रडावं कळेना. त्या दिवशी आम्ही त्यांच्या अंगणात जेवलो. चिंचेच्या आमटीतला वालुगा आणि भात. राजक्काने वाढलं तेव्हा दादाचा हात ताटावर क्षणभर थांबला. सगळ्यांनी ते पाहिलं. मग त्याने घास घेतला, चावला, गिळला आणि म्हणाला, "मीठ कमी हाये." राजक्काने हातातली पळी त्याच्यावर उगारली. मल्लय्याला हुंदका आला, तो त्याने पाणी पिऊन आत ढकलला.

दादा नंतर परत बोटीवर गेला. जरासा लंगडत चालायचा, पण नोकरी राहिली. पाण्याखाली मात्र तो पुन्हा कधी उतरला नाही. विचारलं की म्हणायचा, "पाह्यलं ना एकदा."

त्या उन्हाळ्याचं शेवटचं मला आठवतं ते वेगळंच. मृग जवळ आला होता, आकाश राखाडी झालं होतं. सकाळी घाटावर बायांची गर्दी, पलीकडे यांच्याच शाळेतली मुलं डुंबत होती. मी गुंड घासत बसले होते. माझ्या बाजूला कुजबुज थांबली म्हणून वर पाहिलं. हे पायऱ्या उतरत होते. मुलं ज्यांच्या नुसत्या खाकरण्याने गप्प बसत ते मास्तर. त्यांनी सदरा काढला, घडी करून पायरीवर ठेवला, नवा चष्मा त्यावर ठेवला. राजक्का कमरेएवढ्या पाण्यात उभी होती. म्हणजे हे आधीच ठरलेलं होतं. मला कोणी सांगितलं नव्हतं.

"या, पंतुलू," राजक्का म्हणाली. तेलुगूत मास्तराला पंतुलू म्हणतात.

हे पाण्यात शिरले. कमरेपर्यंत, छातीपर्यंत. त्यांच्या पाठीवर काटा उभा राहिलेला मला काठावरून दिसत होता. मुलं तोंड उघडं ठेवून बघत होती. राजक्काने सांगितलं, पाय सोडा, पाण्यावर आडवं व्हा, मी खालून हात देतो. त्यांनी एक पाय उचलला, पुन्हा टेकवला. दोनदा, तीनदा. चेहरा पांढरा पडला होता. कोणीतरी मुलगा हसला, दुसऱ्याने त्याला चापट मारली.

मी गुंड तिथेच सोडून पाण्यात उतरले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. वाळू पायाखाली सरकली तेव्हा माझंही काळीज सरकलं, पण मी चालत राहिले आणि यांच्यासमोर जाऊन दोन्ही हात पुढे केले. त्यांनी ते धरले. बोटं बर्फासारखी होती. त्यांनी पाय सोडले.

त्या काळात नवरा बायकोला चारचौघांत हाक मारत नसे. घरातसुद्धा 'अवं' नाहीतर 'ऐकतं काय' एवढंच. लग्नातला उखाणा सोडला तर मी त्यांच्या तोंडून माझं नाव कधी ऐकलेलं नव्हतं. सगळा घाट बघत होता, बाया, मुलं, पलीकडे डोंग्यात उभा असलेला मल्लय्या. हे पाण्यावर आडवे झाले होते, नाकातोंडात पाणी, डोळे घट्ट मिटलेले. आणि ते मोठ्याने, अगदी मोठ्याने म्हणाले,

"इंदू, सोडू नको."